लहरींना दिसणारं घर

"नेट गेलं!" अशी आतल्या खोलीतून आरोळी येते. कुणीतरी उठतं, राउटरचं बटण बंद करतं, मनात दहा आकडे मोजतं आणि पुन्हा चालू करतं. दिवे लागतात, घर निवांत होतं. दुखणं तिथंच राहतं, कारण ते नेमकं कुठं आहे हे कुणी विचारलेलंच नसतं.

विचारायचं तर आधी दिव्यांना विचारावं. 'एलओएस'चा, म्हणजे सिग्नल हरवल्याचा, दिवा लाल झाला असेल तर राउटरशी खटपट व्यर्थ. फायबरच्या वायरीत काचेचा बारीक धागा असतो आणि त्यातून उजेड वाहतो. तो उजेडच राउटरपर्यंत पोचलेला नसतो. गच्च्यागच्च्यांवरून लोंबकळत आलेली ती वायर कुठंतरी तुटलेली असते. कधी तर ती आपल्याच कपाटामागे करकचून दुमडलेली निघते आणि उजेड त्या वळणावरच सांडून जातो.

दिवे ठीक असतील तर लॅपटॉप लॅनच्या वायरीनं थेट राउटरला जोडावा. तिथं नेट न अडखळता चाललं, तर बाहेरची लाईन निर्दोष ठरते आणि संशय घरातल्या हवेवर येतो.

खरी गंमत इथून पुढे आहे. वायफायच्या लहरींना आपलं घर वेगळंच दिसतं. प्लायवूडचं पार्टिशन त्यांच्या लेखी जवळपास नसतंच. आजीचं लोखंडी कपाट मात्र उभा कडा. आरशात आपण स्वतःला पाहतो, पण त्याच्या पाठीवरचा धातूचा थर लहरींना माघारी धाडतो. माशांच्या पेटीतलं पाणी त्यांना गिळतं आणि सळयांचा स्लॅब वरच्या मजल्यावर जाऊ देत नाही. भिंत ओलांडणं लहरींना नवं नाही. जगदीशचंद्र बोस यांनी 1895 साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतींपलीकडे लहर पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. पण प्रत्येक भिंत आपली जकात घेतेच. 2.4 गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची, सोशिक; ती दोन खोल्या पार करते. 5 गिगाहर्ट्झची तिच्या निम्म्याहून लहान, चपळ, पण भिंतींपुढे लवकर दमणारी.

सोशिक लहरीच्या वाटेवर गर्दीही फार. मोबाइलमध्ये वायफायची यादी उघडली की अख्खी सोसायटी आपल्या दिवाणखान्यात बसलेली दिसते. दार लावलं तरी ती उठत नाही. त्यात स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही याच 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो. म्हणून इकडे दूध तापतं आणि तिकडे व्हिडिओ कॉलवरचा भाचा तोंड उघडं ठेवून थिजतो. या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. साऱ्या इमारतीनं त्यांतच वाटून घ्यायचं असतं.

आणि आपण राउटर ठेवतो कुठं? टीव्हीच्या मागे, कोपऱ्यात, दिसायला बरा नाही म्हणून. मग त्यालाच नावं ठेवतो.

तेव्हा राउटर बदलण्याआधी त्याची जागा बदला. घराच्या मध्याकडे, उंचावर, उघड्यावर ठेवा. तीनपैकी कमी गर्दीचा चॅनेल निवडा. जवळ बसून काम करायचं असेल तर 5 गिगाहर्ट्झ घ्या. वायरीवरही नेट तुटत असेल, तर राउटरचा अडॅप्टर फार तापतोय का, त्याची पिन सैल झाली आहे का, ते पाहा. नवा राउटर त्यानंतर.