पागेचं गाव

उमरगा मागं पडलं की सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या पाट्या कन्नड होतात, बोलणं मात्र लगेच बदलत नाही. हुमनाबादला गाडी बदलून चिटगुप्प्यात उतरलो, तर चहावाले काका माझ्याशी मराठीत, शेजारच्या गिऱ्हाइकाशी कन्नडात आणि पोऱ्याशी दखनीत बोलत होते. पागेचा विषय काढला तेव्हा म्हणाले, "घोडे कुठले आता! पायगेचा गाव होता, एवढं आमचा आजा सांगायचा."

त्या एवढ्या आठवणीसाठीच मी आलो होतो. पागा आपल्या ओळखीची. शिवाजी महाराजांच्या घोडदळात सरकारी घोड्यावरचा तो बारगीर, स्वतःचं घोडं-हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. फारसीतली पायगाह म्हणजे तीच पागा. अठराव्या शतकात हैदराबादच्या निजाम अलीनं अबुल फतेह खान तेगजंग या सरदाराला फौज बाळगण्यासाठी जागिरी दिल्या, आणि फौजेचं नाव घराण्याला व मुलखाला चिकटलं. याच निजाम अलीला 1795 साली खर्ड्यावर मराठ्यांनी हरवलं.

गावात फिरताना छावणी शोधू नये. चिटगुप्पा हा पायगेचा तालुका, म्हणजे फौजेचं कोठार. इथल्या तुरी-ज्वारीच्या साऱ्यावर दुसरीकडचे स्वार पोसायचे. निजामाची दिवाणी, म्हणजे सरकारी मुलूख, वेगळी, त्याची खासगी सर्फ-ए-खास वेगळी आणि पायगा वेगळी. पायगेचा महसूल, कचेरी, पोलीस सगळं स्वतःचं.

पुढं 1798 आणि 1800 च्या तहांनी राज्याच्या रक्षणाचं काम इंग्रजांच्या तैनाती फौजेकडे गेलं. पायगेचं लढाईतलं महत्त्व ओसरलं, जागिरी मात्र सुटल्या नाहीत. घराण्याच्या तीन शाखा झाल्या. त्यांतल्या विकार-उल-उमरांनी हैदराबादेत फलकनुमा महाल उभारला. मला हे सरळ अन्यायाचं वाटतं: ज्या कामासाठी जमीन दिली ते काम उरलं नाही, तरी कुणब्याचा सारा काही थांबला नाही.

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्याच्या जनरल जयंतनाथ चौधरींचे रणगाडे सोलापूरहून नळदुर्ग-उमरगा या रस्त्यानं हैदराबादकडे निघाले. मी सकाळी आलो तोच हा रस्ता. 17 तारखेला निजामानं शरणागती पत्करली. पुढच्या वर्षी 15 ऑगस्टला जहागिरी रद्द करणारा कायदा आला. 1956 ला बिदर जिल्ह्याचा हा भाग म्हैसूर राज्यात गेला.

हैदराबादला गेलात की पायगा मकबरे पाहालच. चुन्यातलं आणि जाळ्यांचं तिथलं काम फार नाजूक आहे. जाताना वाटेत हुमनाबादला उतरा आणि अर्धा दिवस चिटगुप्प्याला द्या. त्या घराण्याच्या वैभवाला पैसा पुरवणारी शेतं इथं आहेत.