लासलगावच्या बाजारात : काट्यावर मौन, ओट्यावर गप्पा

नाशिकरोडहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली, तर निफाड तालुका डोळे भरून पाहता येतो. कसबे सुकेणे गेले, निफाड गेले, उगाव गेले. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव आणि मधूनमधून कांद्याची रानं. थंडीत याच निफाडचा पारा महाराष्ट्रात सर्वांत खाली उतरल्याच्या बातम्या येतात. पण मी गेलो होतो चैत्रात. उन्हाळ कांद्याची काढणी सुरू होती. बायामाणसं डोक्याला पदर गुंडाळून पात कापत बसली होती. उगावनंतरचे स्टेशन लासलगावचे.

लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी ती सुरू झाली. आज आशियातली सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ म्हणून तिचे नाव घेतले जाते. लासलगावात काय भाव फुटला, हे दिल्लीपासून चेन्नईपर्यंतचे व्यापारी विचारतात. विंचूर आणि निफाड येथे तिचे उपबाजार आहेत. एवढी मोठी पेठ, पण पाहायला गेलात तर डोळ्यांत भरते ती एकच गोष्ट : ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांच्या आणि पिकअप गाड्यांच्या रांगा, आणि त्या रांगांत उभी असलेली तुमच्या-आमच्यासारखी माणसं.

वाचकहो, कांद्याच्या बाजारभावावर इतरत्र पुष्कळ लिहून येते. मला या फेरीत पाहायचे होते ते वेगळेच. आम्हा शेतीखात्यातल्या माणसांचा जन्म लोकांशी बोलण्यात जातो. तीसएक वर्षे मी हेच करतो आहे. गावात गेलो की चहा होतो, पाऊसपाणी होते, मुलाबाळांची चौकशी होते आणि मग कामाची गोष्ट निघते. बोललो नाही तर लोक म्हणतात, साहेबाला शिंग फुटली. बोलत बसलो तर पुढच्या गावचे लोक पारावर वाट पाहत बसतात. हा तोल कसा सांभाळावा? बोलणाऱ्याची बोरं खपतात म्हणतात खरे; पण बोरं मोजायची कधी? ज्या ठिकाणी एका दिवसात शेकडो गाड्या रिकाम्या व्हायच्या आणि प्रत्येक गाडीमागे एका घराचे चार-सहा महिन्यांचे कष्ट असतात, तिथली माणसं हे कसे जमवतात, ते पाहावे म्हणून मी दिवसभर त्या आवारात फिरलो.

लिलावाची रांग

लिलाव सकाळी आणि दुपारी अशा दोन सत्रांत चालतात. गाड्या ओळीने लावलेल्या असतात. बाजार समितीचा लिलाव पुकारणारा पुढे, त्याच्याभोवती व्यापाऱ्यांचा घोळका. शेतकरी ट्रॉलीचा फाळका थोडा उघडतो, चार कांदे खाली पडतात. व्यापारी ते हातात घेऊन दाबून पाहतात, रंग पाहतात, मान पाहतात. क्विंटलचा आकडा पुकारला जातो, चढतो, थांबतो. भावाची चिठ्ठी शेतकऱ्याच्या हाती पडते आणि घोळका पुढच्या गाडीकडे सरकतो. पाहता पाहता हे सारे उरकते. भाव पटला नाही तर माल द्यायचा नाही, हा शेतकऱ्याचा हक्क आहे. पण तेही तिथल्या तिथे सांगावे लागते.

तिथला पुकारणारा पन्नाशीचा, आवाज खणखणीत. मी त्याच्या मागे मागे चार ओळी फिरलो. एका गाडीवर म्हातारे बाबा बसले होते. हा लांबूनच म्हणाला, "काय बाबा, आज नातवाला नाही आणलं?" बाबा हसले. तेवढ्यात गाडीपाशी पोचला आणि आवाज एकदम बदलला. पुकार सुरू झाला. आता ना बाबा, ना नातू, फक्त आकडा. चिठ्ठी दिली आणि पुढे चालता चालता पुन्हा मागे वळून म्हणाला, "उन्हात बसू नका, काट्यावर गर्दी आहे."

मला त्याचे कसब इथे दिसले. दोन गाड्यांमधले जे पाच-सात पावलांचे अंतर, तेवढ्यात त्याचे बोलणे बसत होते. चालायला जो वेळ लागणारच होता, तोच त्याने बोलायला वापरला. पुकारात मात्र एक शब्द जादा नाही. का, तर त्या क्षणी कुणाचे लक्ष विचलित झाले आणि एखादी बोली ऐकू आली नाही, तर नुकसान त्याचे नाही, गाडीवाल्याचे.

कांदा उत्पादकाची मनःस्थिती नेहमी हसण्यासारखी नसते, हेही लक्षात घ्यायला हवे. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली आणि ती मे २०२४ मध्ये उठली. अशा दिवसांत भाव ऐकून माणूस गाडीवरच खाली मान घालून बसतो. त्याच्याशी थट्टा करणे म्हणजे जखमेवर मीठ. "अशा वेळी काय बोलता?" असे मी त्या पुकारणाऱ्याला दुपारी विचारले. तो म्हणाला, "काही नाही साहेब. नाव घेऊन हाक मारतो आणि चिठ्ठी नीट हातात देतो. फेकत नाही."

भुईकाट्यावर

लिलाव झाला की गाडी भुईकाट्यावर जाते. भरलेल्या गाडीचे वजन, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल उतरवून रिकाम्या गाडीचे वजन. दोन्हींतला फरक तो तुमचा माल. हिशेब सोपा, पण इथे गप्पा आल्या की हिशेब चुकतो.

एक उदाहरण घ्या. भरलेली गाडी काट्यावर उभी आहे. ओळखीचा माणूस भेटला म्हणून चालक खाली उतरून बोलत उभा राहिला आणि वजन झाले. परत येताना घाई, म्हणून तो गाडीवर बसूनच राहिला आणि रिकाम्या गाडीचे वजन झाले. चालक ६० किलोचा असेल, तर तुमच्या मालातून ६० किलो गेले. भाव क्विंटलला १५०० रुपये धरला, तर ९०० रुपयांची गप्पा झाली! उलटे घडले तर व्यापाऱ्याचे तेवढेच जाते. म्हणून चालक दोन्ही वेळा गाडीवर असावा, नाही तर दोन्ही वेळा खाली असावा. काट्यावर दुसरे कुणी टेकलेले नसावे. गाडीची सगळी चाके काट्याच्या आत असावीत. आकडा आपण स्वतः वाचावा आणि पावतीवरच्या आकड्याशी ताडून पाहावा.

मी पाहिलेल्या काट्यावरचा पोरगा पंचविशीचा होता. खिडकीतून कुणी काही विचारले की तो हाताचा पंजा दाखवायचा. गाडी स्थिर झाली, आकडा स्थिर झाला, तो मोठ्याने वाचून दाखवायचा, पावती द्यायचा आणि मग म्हणायचा, "हां काका, आता बोला." त्याचा पंजा पाहून कुणाला राग आला नाही. उलट एक जण मला म्हणाला, "हा पोरगा कमी बोलतो, म्हणून याच्या काट्याची शंका येत नाही."

यावरून एका गावच्या दूध संकलन केंद्राची हकिगत आठवली. गावाचे नाव सांगत नाही. तिथला माणूस मोठा बोलका. एका संध्याकाळी निवडणुकीच्या गप्पा रंगल्या आणि एका घरच्या म्हशीच्या दुधाचा फॅट शेजारच्या घरच्या गायीच्या खात्यावर लिहिला गेला. पैशांची भरपाई दहा दिवसांनी झाली. पण दोन्ही घरच्या बायकांनी एकमेकींशी बोलणे टाकले, ते पुढच्या दिवाळीपर्यंत. गोड बोलणाऱ्याच्या वहीत चूक निघाली की त्याचे गोड बोलणेही लोकांना खोटे वाटू लागते.

खळ्यावरचा ओटा

माल उतरला की हिशेबपट्टी आणि पैसे. एका खळ्यावर मी दोन तास बसलो. ओट्यावर सतरंजी, माठ, समोर मुनीमजी. आलेल्या प्रत्येकाला ते आधी "बसा, पाणी घ्या" म्हणत आणि त्याच दमात पावतीसाठी हात पुढे करीत. माणूस पाणी पिईपर्यंत आकडेमोड अर्धी झालेली असे. पाऊस कधी, चाळीत किती ठेवला, मुलीचे लग्न कुठे ठरले, हे सारे विचारून होई. पैसे मोजायला घेतले की मात्र ओटा गप्प. एकदा त्यांनी मोजायचे, एकदा शेतकऱ्याने मोजायचे.

एक आबा आले. त्यांना बोलायचे होते. भावाभावांतली वाटणी, बांधाची भांडणे, सगळे मनात साचलेले. मागे तीन माणसे उभी, एकाची गाडी भाड्याची. मुनीमजी म्हणाले, "आबा, या तिघांची पट्टी करतो, त्यांना लांब जायचंय. तुम्ही इथंच माझ्या शेजारी बसा. मग सांगा." आबा बसले. तिघे गेले. मग मुनीमजींनी वही मिटली आणि पाव तास ऐकून घेतले. आबांना नाही म्हटले नाही आणि तिघांचा खोळंबाही केला नाही.

दुकानातली तीन वाक्ये

परतताना मी एका कृषी सेवा केंद्रात डोकावलो. तिथे मला उलटा धडा मिळाला. काही ठिकाणी बोलणे हेच काम असते.

एक ताई फुलकिड्याचे औषध मागायला आल्या. गर्दी होती. डबा काढून दिला असता, तर अर्ध्या मिनिटात गिऱ्हाईक वाटेला लागले असते. दुकानदार म्हणाला, "ताई, कांदा किती दिवसांचा? माना पडल्या का? काढणी कधी?" त्या म्हणाल्या, माना निम्म्याशिम्म्या पडल्या, आठवड्यात काढायचा. "मग आता औषध मारून काय उपयोग? पाणी तोडलं असेल तर काढणीला लागा." ताईंचे पैसे वाचले, फवारणीची मजुरी वाचली आणि खाणाऱ्याच्या पोटात औषधाचा अंश जायचा टळला. दुकानदाराची एक विक्री गेली. पण पुढच्या हंगामात ती बाई त्याच दुकानात येईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

हे बोलणे झाले नाही तर काय होते? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामागे कारणे अनेक होती. पण औषध देताना तोंडाला काय बांधायचे, वाऱ्याची दिशा कशी पाहायची, किती पाण्यात किती मिसळायचे, डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण काय सांगतो, एवढे सांगायला दोन मिनिटे पुरतात. ती दोन मिनिटे वेळेचा अपव्यय नव्हे. रांगेतल्यांनी तेवढे थांबायला हरकत नाही. उद्या त्यांच्यासाठीही कुणी थांबेल.

आणखी एक अनुभवाची गोष्ट. आपल्याकडचा माणूस मुख्य गोष्ट निघताना बोलतो. तासभर इकडचे तिकडचे झाले, चप्पल पायात घातली आणि मग खिशातून वाळलेले पान काढून म्हणतो, "साहेब, हे जरा बघता का?" म्हणून मी माझ्या तरुण सहकाऱ्यांना सांगतो : सुरुवातीच्या गप्पा थोडक्यात ठेवा, पण माणूस उठला की लगेच फाइलीत डोके घालू नका. दारापर्यंत जा. काम तिथे निघते.

आपल्या घरी

आता हे सारे तुम्हाला का सांगितले? कारण आज आपल्या घराघरांतही गिऱ्हाईक येते. कुणाची पिठाची गिरणी आहे, कुणी शिवणकाम करते, कुणी रस्त्याकडेला द्राक्षे विकते, कुणी बचत गटाचे पापड. मुलगा मोबाइल दुरुस्तीला बसतो, सून दुधाचे माप घेते. लासलगावच्या त्या आवारात जे पाहिले, ते प्रत्येकाला उपयोगी पडेल.

आलेल्याला आधी नावाने हाक मारावी; याला वेळ लागत नाही. काम हाती घेऊन मग बोलावे. दळण जात्यात पडले की गप्पांना मोकळीक. मोजमाप, पैसे आणि वहीतली नोंद या तीन वेळी तोंड बंद. बोलायला आलेल्या माणसाला झिडकारू नये, शेजारी बसवावे आणि रांग मोकळी झाली की ऐकावे. विकलेल्या वस्तूची माहिती देणे हे गप्पांत धरू नये, ते कामात धरावे.

गिऱ्हाइकाचेही कर्तव्य आहे. आपण बाजारात, बँकेत, दवाखान्यात जातो, तेव्हा सातबारा, पासबुक, आधार कार्ड हाताशी असावे. आधी काम सांगावे, मग खुशाली. मागे उभ्या असलेल्यालाही घरी म्हैस पिळायची असते.

लासलगावला कधी जाणे झाले, तर भाव विचारून लगेच परतू नका. घटकाभर भुईकाट्याजवळ उभे राहा आणि मग एखाद्या खळ्याच्या ओट्यावर पाणी प्या. जमले तर घरातल्या तरुण मुलाला किंवा मुलीला बरोबर न्या. धंदा म्हणजे नुसता गोड शब्द नव्हे आणि नुसता आकडाही नव्हे, हे त्यांना सांगत बसण्यापेक्षा तिथे उभे करून दाखवलेले बरे.