वाजंत्र्यांची बिदागी

लग्नाच्या खर्चाची यादी करायला घरची मंडळी बसली, की काटछाटीची कात्री आधी कोणावर चालते हे पाहण्यासारखे असते. जिलबीला कोणी हात लावत नाही. आहेराच्या साड्यांना तर नाहीच नाही. मग एखादे काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, "अहो, सनईला माणसे कशाला? लाउडस्पीकरवर लावून टाकू की!" झाले! दोन सनईवाले, एक सूर धरणारा आणि एक संबळवाला असे चार संसार एका रेघेत खोडले जातात.

यंदा भाचीच्या लग्नात हेच होऊ घातले होते. मी बराच वेळ सनईच्या मांगल्यावर बोललो. बहीण शांतपणे म्हणाली, "दादा, तुझे रसग्रहण राहू दे. पैसे कुठून आणायचे ते सांग."

मला राळेगणसिद्धी आठवले. पारनेर तालुक्यातले हे दुष्काळी गाव. १९७५ साली सैन्यातून परतलेल्या अण्णा हजाऱ्यांनी यादवबाबांच्या देवळापासून तिथे कामाला सुरुवात केली. पाणी अडले, दारू गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण लग्नापायी होणारे कर्जही त्या गावाने रोखले, ते सामुदायिक विवाहांनी. रांधण्यावाढण्याचे काम तरुण मंडळाने अंगावर घेतले. भांडी, मांडव, सजावट आणि लाउडस्पीकरही मंडळानेच विकत घेतला. लाउडस्पीकरपाशी मी जरा अडखळलो, हे खरे! पण मांडव वाटून घेता येतो, तर सनई का नाही? सहा घरांनी मिळून बारा हजारांची बिदागी द्यायची म्हटली, तर घरटी दोन हजारच पडतात, आणि वाजवणाऱ्याला एक पैसाही कमी घ्यावा लागत नाही. आपण मात्र काटकसर करतो ती नेहमी त्याच्याच खिशातून.

जुन्या गावगाड्यात तर त्याच्या वाट्याला रोख पैसा क्वचितच येई. सुगीला बलुत्याचे धान्य, लग्नात उरलेसुरले अन्न आणि मांडवाबाहेरची जागा. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने स्वाभिमान जागा झाल्यावर अनेक ठिकाणी लोकांनी गावकीचे वाजवणे सोडून दिले. "हल्ली चांगले वाजंत्री मिळत नाहीत" अशी कुरकुर करणाऱ्यांनी हे आठवून पाहावे.

आमच्या कार्यालयात त्याच दिवशी गोरज मुहूर्तावर दुसरे लग्न होते. त्या यजमानांना जाऊन भेटलो. तेही सनई खोडूनच बसले होते! दोन्ही घरांनी मिळून एकच सुपारी द्यायचे ठरले. ताफ्याच्या म्होरक्याने दोन लग्नांना मिळून दीड बिदागी मागितली. आमचे काका सव्वावर आणू पाहत होते. बहिणीनेच त्यांना गप्प केले आणि विसार मोजून दिला.

सकाळचा मुहूर्त साधला. पहिल्या पंगतीत वाजंत्र्यांची चार पाने मांडली, तेव्हा दोनचार भुवया उंचावल्या, उंचावू द्याव्यात. मी आग्रहाने जिलबी वाढायला गेलो, तर म्हाताऱ्या सनईवाल्याने पानावर आडवा हात धरला.

"नको मास्तर. ओठ चिकट होतात, मग फुंक बसत नाही. संध्याकाळचे लग्न अजून व्हायचे आहे."