रिव्हर व्ह्यू? आधी रेषा बघा!

'रिव्हर व्ह्यू' फ्लॅट कुणाला नको असतो? पण मी म्हणते, बुकिंगआधी एक वीकेंड नाशिकच्या नदीकाठी चालून बघाच.

पुणे रोडवरच्या नासर्डी पुलावरून खाली बघितलं, तर नदी कमी आणि नालाच जास्त वाटला. हिला पूर येतो, हे उन्हाळ्यात खरंच वाटत नाही. तिथून रामकुंडाकडे जा. दुतोंड्या मारुती म्हणजे नाशिककरांची पूर मोजायची पट्टी! पाणी गुडघ्याला लागलं की कमरेला, यावरून अख्खं गाव अंदाज बांधतं.

सप्टेंबर 2008च्या महापुरानंतर इथल्या पूररेषा ऐरणीवर आल्या. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. निळीच्या आत नव्या बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये अटी. झालं, वाद पेटला! प्लॉट घेऊन बसलेल्यांना वाटतं, आपला पैसा बुडाला. जुन्या नाशकातल्या वाडेवाल्यांचं दुखणं आणखी खरं, कारण मोडकळीला आलेलं घर नव्यानं बांधायचं तरी रेषा आडवी येते. नदीप्रेमी म्हणतात, पाण्याची जागा पाण्यालाच द्या.

मला विचाराल तर जमीनवाल्यांना टीडीआर द्या, मोबदला द्या, पण रेषा सरकवू नका. ऑगस्ट 2016 मध्ये गोदेचं पाणी पुन्हा सराफ बाजारात शिरलंच ना? नकाशावरची रेषा हलवता येते, पूर नाही.

तेव्हा सॅम्पल फ्लॅटचं इंटिरिअर नंतर बघा. आधी बिल्डरकडे पूररेषेचा नकाशा मागा. ईएमआय 20 वर्षांचा असतो, बॉस!