वरच्या ओळीतला शब्द

घर, शेती किंवा नोकरी सांभाळून शिकणाऱ्या तुमच्यापैकी काहींना इंग्रजीच्या धास्तीने कधीकाळी शिक्षण अर्ध्यावर सोडावे लागले असेल. मीही त्यांतलाच एक. ती धास्ती माझ्या मनातून कशी उतरली, हे सांगण्यासाठी एका शब्दाची हकिगत मी तुमच्यापुढे ठेवतो आहे.

१९८४ साली मी गुलमंडीवरील एका कापडाच्या दुकानात कामाला होतो. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. बारावीला इंग्रजीत दोनदा अनुत्तीर्ण झालो होतो आणि तिसऱ्यांदा अर्ज भरण्याचे धैर्य उरले नव्हते. मौलवी अब्दुल हक यांच्या संपादनाखाली ज्या शहरातून १९३७ साली मोठा इंग्रजी–उर्दू कोश प्रसिद्ध झाला, त्याच शहरात राहून मी साधा शालेय कोश उघडायलाही भीत होतो. टंकलेखन आले तर कचेरीत नोकरी मिळेल, या आशेने सकाळी दुकान उघडण्यापूर्वी औरंगपुऱ्यातील एका वर्गात जाऊ लागलो. मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा द्यायची होती. बोटे चालत, पण समोरच्या मजकुराचा अर्थ मनापर्यंत पोहोचत नसे.

एके दिवशी सरांनी कोडे घातले. टंकलेखन यंत्रावर अक्षरांच्या तीन ओळी असतात. त्यांपैकी केवळ वरच्या ओळीतील दहा अक्षरे वापरून सर्वांत लांब इंग्रजी शब्द शोधायचा. एकच अक्षर पुन्हापुन्हा घेतले तरी चालेल. इंग्रजीच्या पाच स्वराक्षरांपैकी ई, यू, आय आणि ओ ही चार वरच्या ओळीत आहेत. मधल्या ओळीत एकटे ‘ए’ आहे आणि खालच्या ओळीत एकही नाही. म्हणून लांब शब्द सापडण्याची शक्यता वरच्याच ओळीत अधिक. एका मुलीने लगेच ‘टाइपरायटर’ हा शब्द उमटवून दाखवला. इंग्रजीत त्याची दहा अक्षरे होतात आणि ती सगळी वरच्या ओळीतली आहेत. सर हसून म्हणाले, “हा सर्वांना ठाऊक असतो. याच लांबीचा दुसरा आणा.”

मी वाचनालयात जाऊन कोश घेऊन बसलो. शब्दाचे पहिले अक्षर माहीत असेल, तर कोशात तो चटकन सापडतो. येथे मात्र शब्दच माहीत नव्हता. त्यात कोणती अक्षरे नसावीत, एवढेच माहीत होते. त्यामुळे प्रत्येक शब्दावर बोट ठेवून पाहणे भाग होते. ‘ए’ आले, सोडा. ‘एस’ आले, सोडा. ‘एन’ आले, सोडा. चार दिवस हा उद्योग चालला. टाकून दिलेल्या शेकडो शब्दांपैकी कितीतरी ओळखीचे होऊन गेले, हे मला पुढे परीक्षेत कळले. ‘पी’च्या पानांवर प्रथम ‘पर्पेच्युइटी’ सापडला. दहा अक्षरे, अर्थ चिरंतनता. आणखी काही पानांनंतर माझे बोट थांबले: ‘प्रोप्रायटर’. पुन्हा दहा अक्षरे, सगळी वरच्या ओळीतली. अर्थ होता मालक.

आमच्या दुकानाच्या पाटीवर आणि प्रत्येक पावतीवर शेठजींच्या नावाआधी ‘प्रो.’ असे छापलेले असे. सात वर्षे मी त्या पावत्या फाडून गिऱ्हाइकांच्या हाती देत होतो आणि ‘श्री.’सारखेच ते काहीतरी मानाचे असावे, असे समजत होतो. शेठजींना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “अरे, एवढेही ठाऊक नव्हते तुला?” मी म्हणालो, “नव्हते, शेठजी. काल शोधले.” हे सांगताना मला लाज वाटली नाही, याचे मलाच नवल वाटले. त्याच आठवड्यात मी तिसऱ्यांदा अर्ज भरला. इंग्रजीत एक्केचाळीस गुण मिळाले.

शब्द सापडले म्हणजे भाषा आली, असे मी म्हणणार नाही. वाक्यरचनेशी मला पुढेही झगडावेच लागले. परंतु जी अक्षरे तोवर माझी परीक्षा घेत होती, तीच त्या चार दिवसांत माझ्या खेळातील सोंगट्या झाली.

पुढे चाळिशीत मुक्त विद्यापीठातून मराठी घेऊन बी. ए. करताना हाच खेळ मी मराठीत खेळून पाहिला आणि वर्ण व अक्षर यांतील भेद मला तेव्हा खरा उमगला. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द शब्दकोड्यात तीनच घरे घेतो: स्वा, तं, त्र्य. त्याची फोड करा: स्, व्, आ, त्, अ, अनुस्वार, त्, र्, य्, अ. मोजून दहा होतात. तीन घरांत दहा वर्ण मावतात, ही आपल्या लिपीची किमया पाठ्यपुस्तकात मी अनेकदा वाचली होती. मोजली मात्र तेव्हा प्रथमच.

पुढील घटकाकडे वळण्यापूर्वी तुम्हीही एक करून पाहा. तुमच्या दुकानाच्या, कचेरीच्या किंवा बसथांब्याच्या पाटीवर रोज दिसणारा, पण पूर्ण रूप ठाऊक नसलेला एक शब्द निवडा. कुणाला विचारू नका. कोश उघडा आणि तो स्वतः शोधा.