शिंगणापूरचे तळे

माणदेशात पाऊस आला तर आला, नाही तर नाही! मैलोगणती उघडे माळ, मधूनच एखादी बाभळ आणि तिच्या सावलीला विसावलेली मेंढरे. या मुलखात डोंगराच्या माथ्यावर शिखर शिंगणापूर हे लहानसे गाव वसले आहे. शंभूमहादेवाचे देऊळ तर त्याहूनही उंच.

चैत्रातील यात्रेला सासवडकडील भक्त कऱ्हेचे पाणी कावडीतून आणतात. मुंगी घाट असा उभा, की रिकाम्या हातांनी चढणाऱ्यासही धाप लागावी. परंतु ही माणसे एकमेकांचे हात धरून, साखळी करून, जड कावड वर नेतात. त्या पाण्याने देवाला स्नान घडते.

पण यात्रेकरूंची तहान कशाने भागावी? शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांनी ही अडचण ओळखली व येथे मोठे तळे बांधविले. देवळावर कळस चढविणारे पुष्कळ. तळे बांधविणारा विरळा!

डोंगर उतरून दक्षिणेकडे गेले, की म्हसवड लागते. सिद्धनाथाचे दर्शन घेऊन वाटसरू पुढे राजेवाडीच्या विस्तीर्ण तलावाशी येतो. १८७६-७७ च्या दुष्काळात त्याचे काम निघाले. माती वाहिली ती भुकेल्या माणसांनी. पाणी मात्र पाटाने सांगोल्याकडे गेले.