मुठीतलं शिसव

स्मिथ अँड वेसनचं 686 हे रिव्हॉल्व्हर 1980च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आलं, तेव्हा त्याची मूठ लाकडाची होती. गोन्सालो आल्व्हेस नावाचं दक्षिण अमेरिकेतलं तांबूस लाकूड, त्यावर काळसर पट्टे. नव्वदच्या दशकात कंपनीने लाकूड बाजूला ठेवलं आणि काळी रबरी मूठ द्यायला सुरुवात केली. कारणं उघड आहेत. रबर साच्यातून हवं तितकं काढता येतं, घामेजल्या किंवा पावसाने भिजलेल्या हातातून निसटत नाही, आणि गोळी सुटताना तळहाताला बसणारा धक्का बराचसा स्वतःच पिऊन टाकतं. ज्याला कमरेला शस्त्र लावून रस्त्यावर उभं राहायचं आहे, त्याने रबरच घ्यावं.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि हिवाळ्यात आमच्या क्लबच्या बंदिस्त रेंजवर 50 फुटांवरच्या कागदी लक्ष्यावर नेम धरतो. उभं राहायचं, एक हात खिशात, दुसऱ्या हातात जवळजवळ सव्वा किलो वजनाचं पोलाद. माझ्या 686ची रबरी मूठ काढून तिथे मी स्वतः घडवलेली शिसवाची मूठ बसवली आहे. वरवर पाहता ही हौसेची गोष्ट. पण शस्त्र हातात घेणाऱ्या माणसाने हातात काय घेतलंय ते पुरतं जाणून घ्यावं, असं मला फार मनापासून वाटतं, आणि ते जाणणं मुठीपासूनच सुरू होतं.

लाकूड की रबर हा तंटा तसा जुना आहे. कोल्टने 1873 साली आणलेल्या प्रसिद्ध रिव्हॉल्व्हरची मूठ अक्रोडाच्या एका अखंड तुकड्याची होती. पुढच्या दशकात नागरी गिऱ्हाइकांसाठी त्याच रिव्हॉल्व्हरला रबराच्या मुठी आल्या. ते रबर आजच्यासारखं मऊ नव्हतं. भरपूर गंधक घालून तापवलेलं, काळं, शिंगासारखं कडक. साच्यातच त्यावर गरुड उठवलेला असे. ब्रिटिशांच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या मुठीही अशाच कडक रबराच्या. मऊ रबराचं राज्य खऱ्या अर्थाने आलं ते शंभरेक वर्षांनी, आणि त्यात लॉस एंजेलिसचा वाटा मोठा. पॅकमायर कंपनी तिथलीच, आणि 1968च्या सुमारास सहकाऱ्यांसाठी मुठी बनवू लागलेले गाय होग हे तिथल्याच पोलीस दलातले. आज रबरी मूठ म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर होगांच्या नावाची मूठच येते.

माझ्या रिव्हॉल्व्हरवर तशीच होती. बोटांसाठी खाचा असलेली. ह्या खाचांबद्दल मला थोडं बोलायचंय. त्या कुठल्यातरी सरासरी हाताच्या मापाने पाडलेल्या असतात आणि सरासरी हात जगात कुणालाच नसतो. माझी बोटं आखूड. मधलं बोट पहिल्या खाचेत नीट बसायचं, पण करंगळी शेवटच्या उंचवट्यावर चढून बसायची. मग हात आपसूक खाली सरके आणि चापावरचं बोट वाकडं ओढू लागे. रबर मऊ असल्यामुळे ह्यातलं काहीच टोचत नाही. तीच खरी अडचण आहे. पकड चुकली तरी हाताला बरं वाटत राहतं. गोळी लक्ष्यावर खाली डावीकडे जाते आणि आपण कारण शोधतो डोळ्यात, श्वासात, उजेडात.

लाकूड दबत नाही. करंगळीने गरजेपेक्षा जास्त आवळलं तर तळहाताच्या कडेला ते त्याच क्षणी कळतं. अंगठा आणि तर्जनी यांच्यातला बेचका जरा खाली बसला, तर दुसऱ्या गोळीआधीच हात सांगतो की पुन्हा धर. ऑलिंपिकमधल्या पिस्तुलांच्या मुठी अजूनही बहुतांशी अक्रोडाच्या असतात, ते ह्याच कारणाने. ते खेळाडू नवी मूठ आली की कानस घेऊन बसतात. जिथे हात अडतो तिथे घासतात, जिथे पोकळी राहते तिथे लुकण भरतात, आणि हे वर्षानुवर्षं चालू राहतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018च्या आशियाई स्पर्धेत पालेंबांगला 25 मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा आमच्याकडे रात्र होती. दुसऱ्या दिवशी तिचे फोटो पाहताना माझी नजर पदकावरून पुन्हा पुन्हा तिच्या हाताकडे जात होती. एवढ्या ताणात तो हात दर वेळी त्याच जागी कसा बसतो, ह्याचं उत्तर सरावात आहे हे खरंच. पण सरावाला धरून ठेवायला काहीतरी न बदलणारं लागतं, आणि ते काम लाकूड करतं.

अक्रोड मिळाला असता. अमेरिकेत काळा अक्रोड मुबलक आहे आणि कोरायलाही मवाळ. पण गिटार बनवणाऱ्या एका वृद्ध कारागिराच्या दुकानात जुन्या साठ्यातला शिसवाचा ठोकळा दिसला आणि माझं ठरलं. इथे त्याला भारतीय रोझवूड म्हणतात. 1960च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलने आपल्याकडच्या रोझवूडचे ओंडके बाहेर पाठवण्यावर बंधनं आणली, तेव्हा अमेरिकी गिटारवाले भारतातल्या शिसवाकडे वळले आणि 1969पासून मार्टिनसारख्या नामांकित कंपनीच्या गिटारींना शिसवाच्या पाठी लागल्या. सह्याद्रीच्या उतारांवर, मध्य भारताच्या जंगलांत सावकाश वाढणारं हे झाड. आज ते धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे. 2017पासून त्याचा सगळा वंशच आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांखाली आला. म्हणून नवं तोडलेलं लाकूड मला नकोच होतं. ज्या झाडाला पडून अनेक वर्षं झाली, त्याचा उरलेला तुकडा नीट वापरला जावा, इतकं तरी आपल्या हातात असतं.

ठोकळा हातात घेतला की पहिल्यांदा वजन जाणवतं. अक्रोडापेक्षा चांगलाच जड. वरून धुळकट तपकिरी. पण उभी करवत चालली आणि आतून जांभळट रंग निघाला, त्यात काळ्या रेघा. ठोकळा मधोमध चिरला की दोन्ही अर्ध्यांवर त्याच रेघा एकमेकींसमोर आरशातल्यासारख्या येतात. डावीकडची फळी आणि उजवीकडची फळी अशी जोडीची निघते. रेघा मुठीच्या लांबीच्या दिशेने धावल्या पाहिजेत, नाहीतर वरच्या पातळ कडेला लाकूड तुटतं. ह्या लाकडाचा भुसा बेतानेच घ्यावा लागतो. तो अंगावर पुरळ उठवतो, छातीतही त्रास देतो. मी तोंडाला मास्क बांधून गॅरेजचं दार उघडं टाकूनच कानस चालवली.

काम सुरू करण्याआधी रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, सिलिंडर उघडून सहाही घरं डोळ्यांनी पाहिली, बोटाने चाचपली. काडतुसं वेगळ्या खोलीत. मग खालचा एकच स्क्रू सोडला आणि रबराची मूठ मोज्यासारखी खाली ओढून काढली. आतली पोलादी चौकट उघडी पडली. किती बारीक असते ती! दोन बोटांएवढी रुंद, मध्ये पोकळ, तिच्यात स्प्रिंग, तळाशी एक छोटी खुंटी. रबराच्या आत जिथे घाम कोंडला होता तिथे पोलादावर गंजाची बारीक तांबूस कड धरली होती. रबर असतं तर ती मला कधी दिसली नसती.

लाकडाची आतली बाजू ह्या चौकटीवर तंतोतंत बसवणं हेच खरं काम. बाहेरचा आकार कुणीही काढू शकेल. आतून केसाएवढी फट राहिली, तर प्रत्येक धक्क्याला मूठ किंचित हलते आणि एक दिवस चिरते. ह्यासाठी बंदुकीचे जुने कारागीर करतात तेच मी केलं: पोलादावर काजळी धरायची. त्यांच्याकडे त्यासाठी खास दिवे असतात. मी देवघरातलं निरांजन घेतलं, तुपाऐवजी तेलाची वात लावली आणि तिच्या धुरावर रिकामी चौकट फिरवली. काळी झालेली चौकट लाकडात हलकेच दाबून उचलायची. लाकूड जिथे जिथे उंच आहे तिथे तिथे काळा ठिपका उमटतो. तेवढाच ठिपका पटाशीने खरवडायचा. पुन्हा काजळी, पुन्हा दाबणं, पुन्हा खरवडणं. सुरुवातीला दोन-तीन मोठे डाग येतात, मग पाच-सहा लहान, आणि शेवटी सगळ्या पृष्ठभागावर एकसारखी राखाडी छटा उतरते. ती छटा उतरली की दोन्ही फळ्या चौकटीवर नुसत्या ठेवल्या तरी उलटं धरल्यावर पडत नाहीत. स्क्रू मग नावापुरता. हे काम करताना मला वेळेचं भान राहिलं नाही, आणि एखाद्या यंत्राच्या पोटाशी इतकं जवळ मी त्याआधी कधी गेलो नव्हतो.

त्या दिवसांत आई सांगलीहून आलेली होती. रिव्हॉल्व्हर तिजोरीत होतं. तेलपाणी न झालेल्या दोन्ही फळ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर वर्तमानपत्रावर पडल्या होत्या. तिने एक उचलली, अंगठ्याने चोळली, नाकाशी नेली.

"शिसव आहे रे हे. आपल्या माजघरातल्या कपाटाचं."

मी हो म्हणालो आणि कशासाठी आहे तेही सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली.

"इतकं चांगलं लाकूड हत्याराला लावतोस? देव्हारा झाला असता."

मी तिला म्हणालो, "आई, खंडेनवमीला आजोबा तलवार पुजायचे ना?"

"पुजायचे. पण पुजून झाली की परत वर माळ्यावर ठेवायचे. आणि आम्हा पोरांना हात लावू द्यायचे नाहीत."

तिच्या बोलण्यात सगळं आलं होतं. सुंदर केल्यामुळे शस्त्र निरुपद्रवी होत नाही, हे मला तिच्याइतकंच मान्य आहे. मी ज्या देशात राहतो तिथे 2021 ह्या एका वर्षात बंदुकीने 48,830 माणसं गेली, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त स्वतःच्या हाताने. बाहेरच्या हल्ल्याची सगळीकडे चर्चा होते. पण बहुतेक घरांत धोका असतो तो ड्रॉवरमध्ये, एखाद्या वाईट रात्री, हाताशी. म्हणून आमच्या घरी रिव्हॉल्व्हर आणि काडतुसं कधी एका कुलपाखाली राहिली नाहीत, आणि किल्ल्याही एका जागी नसतात. ज्याला ही शिस्त जमत नाही त्याने शस्त्र बाळगू नये, असं मी क्लबमध्ये तोंडावर सांगतो. काहींना ते रुचत नाही.

मग लाकूड कशासाठी? माझं उत्तर असं की रबर शस्त्राला घरातल्या कुठल्याही अवजाराच्या रांगेत नेऊन बसवतं. ड्रिलची मूठ तशीच, स्क्रूड्रायव्हरची तशीच. हात त्या स्पर्शाला सरावलेला असतो, त्यामुळे उचलताना काही वेगळं उचलतोय असं त्याला वाटत नाही. शिसवाची मूठ हातात आली की मी थांबतो. थंड, जड, गुळगुळीत. हे दुसऱ्या कशासारखं नाही, ही जाणीव बोटांना आधी होते, मनाला नंतर. आजोबांनी तलवारीला हळदकुंकू वाहून माळ्यावर ठेवणं आणि पोरांना दूर ठेवणं ह्या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. जे आदराने हाताळायचं ते सहज हाताळायचं नाही. आईला हे पूर्ण पटलं असं मी म्हणणार नाही. पण जाण्याआधी तिने जवसाच्या तेलाचा पहिला हात स्वतःच्या बोटांनी दिला, आणि लाकूड काळसर जांभळं झालेलं पाहून म्हणाली, "आता दिसलं."

काचकागदाचे खडबडीतपासून मऊपर्यंत हात झाले, मग तेल, मधे वाळायला पुरेसा वेळ, पुन्हा तेल. डाव्या फळीला वरच्या बाजूला थोडं खरवडून जागा केली, कारण सिलिंडर उघडल्यावर रिकामी काडतुसं बाहेर ढकलताना ती लाकडाला अडतात. खालची करंगळीची जागा माझ्या करंगळीच्या मापाने. आता नेम धरला की हात एकदाच बसतो आणि बसल्या जागी राहतो. मी रेंजवर .38 स्पेशलची सपाट डोक्याची, मंद काडतुसं वापरतो, कागदाला स्वच्छ गोल भोक पाडणारी. त्यांचा धक्का इतका सौम्य की तो प्यायला रबराची गरजच नव्हती. .357 मॅग्नम भरलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा गुळगुळीत लाकूड तळहातात वर सरकतं आणि बेचक्याला ठणका बसतो. ते काडतूस किती जोराचं आहे हे रबराच्या आधाराने मला कधी नीट उमगलंच नव्हतं. ती काडतुसं मी आता क्वचितच भरतो.

क्लबमध्ये माझ्या शेजारच्या जागेवर उभी राहणारी एक निवृत्त शिक्षिका आहे. तिच्या बोटांच्या सांध्यांना सूज असते. तिने माझी मूठ धरून पाहिली, कौतुक केलं आणि आपल्या रबराकडे परत गेली. बरोबर केलं तिने. दुखऱ्या हाताला उसंत देणं हेही मुठीचंच काम आहे, आणि तिचे गुण माझ्याहून चांगले असतात.

लाकडावर चौकड्यांची जाळी कोरायची की नाही, हा एकच प्रश्न बरेच दिवस राहिला होता. जाळीने पकड घट्ट होते. जुलैत, हात घामेजलेला असताना, तिचा उपयोग नक्की झाला असता. पण शिसव ठिसूळ. चौकडीचं टोक कोरताना उडालं तर रेघांमधला तो काळा प्रवाह तिथे तुटतो, आणि ज्या रेघांसाठी ठोकळा घेतला त्याच झाकल्या जातात. मी जाळी कोरली नाही. उन्हाळ्यात प्रत्येक फेरीआधी हात कोरड्या पंचाला पुसतो, आणि वर्षातून एकदा मूठ काढून आतलं पोलाद पाहतो. गंज पुन्हा धरलेला नाही.